वहिनीचा नॉर्मल रिपोर्ट

आमच्या घरात रक्ताचे रिपोर्ट वाचण्याचं काम माझ्याकडे होतं. कुणी ते मला मुद्दाम दिलं नव्हतं. मी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, विषयांत जीवरसायनशास्त्र होतं, आणि तेव्हापासून घरात आलेला प्रत्येक कागद आपोआप माझ्या हातात येऊ लागला. आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. दादा दहावीनंतर नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे लागला. तो कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर असतो. आई-बाबा गावी आहेत. मी अकरावीपासून दादा-वहिनीकडे राहतो. मला इथं आणायचा हट्ट वहिनीचा होता. दादा म्हणाला होता, दोन खोल्यांत कुठं झोपवशील त्याला. ती म्हणाली, तुमी कोळशाचं अंग घेऊन पलंगावर बसता तेव्हा जागा कशी पुरते?

वहिनीला ल्युपस आहे. लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. आपल्या शरीराचं रक्षण करणारी जी यंत्रणा असते ती या आजारात शरीरावरच उलटते, असं मी लोकांना सांगतो. लोकांना ते पटत नाही. सांधे सुजतात, केस जातात, ऊन लागलं की गालांवर लाल चट्टे उठतात. ऊन चुकवायला ती बाहेर पडताना चेहऱ्यावर ओढणी घट्ट गुंडाळते. नागपुरात सगळ्याच बायका उन्हाळ्यात तशी गुंडाळतात, त्यामुळे तिला कुणी काही विचारत नाही. त्यांना मूल नाही. त्याचं कारणही या आजारातच आहे. त्याबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नाही.

दर तीन महिन्यांनी तिचं रक्त तपासायचं, आणि दर महिन्याला कागद घेऊन नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचं. रिपोर्ट मी नागपुरातल्या सदर भागातल्या लॅबमधून आणायचो, कारण कॉलेजातून परतताना ती वाटेत पडायची. घरी आलो की वहिनी कणकेचे हात तसेच ठेवून विचारायची, "भाऊजी, काळं काही हाय का?"

लॅबवाले जो आकडा मर्यादेबाहेर असेल तो ठळक छापतात. मी पानं उलटून ते काळे आकडे शोधायचो. खरं सांगायचं तर मी एवढंच करायचो. आमच्या गल्लीतले लोकही रिपोर्ट घेऊन येऊ लागले होते. खालच्या खोलीतल्या काकू वहिनीला म्हणाल्या होत्या, "अवं, तुह्या घरीच डॉक्टर हाय, तू काहून लाईनीत उभी राहतं?" मी तेव्हा वहीत डोकं घालून बसलो होतो. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. इतकं बरं वाटलं होतं की आज लिहिताना संकोच होतो.

दिवाळी होऊन काही दिवस झाले होते. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि नळ खाली अंगणात आहे. वहिनी भरलेली बालटी घेऊन चढत होती. ती जिन्याच्या मधल्या वळणावर बसलेली मला दिसली. मी बालटी घ्यायला गेलो.

"भाऊजी, एक विचारू का? हसान नका."

"विचारा ना."

"पाणी घेऊन चढली का इथं दुखते." तिनं डाव्या जबड्याखाली बोट ठेवलं, मग खांद्यावर. "थोडं बसलं का थांबून जाते."

"दात असन."

"दात काय जिना चढून दुखते?" असं म्हणून तीच हसली.

मी वर जाऊन फाइल काढली. रिपोर्ट आठवड्यापूर्वीचाच होता. हृदय म्हणजे कोलेस्टेरॉल, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. एकूण कोलेस्टेरॉल मर्यादेत, वाईट म्हणतात ते मर्यादेत, चांगलं म्हणतात ते मर्यादेत. एकही आकडा काळा नव्हता.

"वहिनी, तुमचं कोलेस्टेरॉल दादाच्याहून चांगलं असन. हार्टचं काहीच नाही. गॅस झाला असन."

"काळं नाही ना काही?"

"एकही नाही."

"मंग जाऊ द्या. तुमच्या दादाले सांगते, माह्या रक्तात तेल नाही, सारं त्यायच्याच पोटात गेलं."

पुढच्या मंगळवारी तिला दवाखान्यात न्यायचं होतं. दादाची पाळी सकाळची, म्हणजे मीच जाणार. त्याच मंगळवारी माझं प्रॅक्टिकल होतं. मी म्हणालो, रिपोर्ट नॉर्मल आहे, गोळ्या त्याच आहेत, मी जुना कागद दाखवून आणून देतो. बऱ्याच घरांत असंच करतात. एकजण जुना कागद घेऊन जातो, गोळ्या आणतो, आणि आजारी माणूस घरी कामात राहतो. वहिनी खूश झाली. तिला त्या लाईनीत तासन्‌तास उभं राहणं नको वाटायचं, गुडघे सुजायचे. त्यानंतरही मी दर महिन्याला तसंच केलं. असे चार महिने गेले, आणि मधली एक रक्ततपासणीही राहून गेली.

मी तेव्हा खरंच निश्चिंत होतो, की प्रॅक्टिकल बुडू नये म्हणून निश्चिंत झालो, हे मला आजही सांगता येत नाही. मी पुष्कळदा विचार केला. दोन्ही खरं असावं.

शेवटच्या सत्रात प्रत्येकाला एक सेमिनार द्यायचा होता. मी ल्युपस घेतला. माझा मित्र म्हणाला, "अबे, तुले सोपा विषय नाही भेटला का? डायबिटीज घे ना बे, सगळं मोबाईलवर हाय." पण मला वाटलं, निदान या विषयात मला घरचं थोडं कळतं. आमच्या मॅडमनी विषय आणखी नेमका करून दिला. ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तवाहिन्या लवकर कठीण होतात, त्यांत थर साचतो, त्याचा धोका रक्ताच्या कोणत्या तपासण्यांवरून आधी कळू शकतो, असा तो विषय होता. त्यांनी वाचायला लांबलचक लेख दिला. मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो. एका पानाला एक संध्याकाळ लागायची, शेजारी शब्दकोश उघडा ठेवून.

हळूहळू समजत गेलं तसं मला ते आवडायलाही लागलं. ल्युपसमध्ये तरुण बायकांनाही हृदयाचा त्रास होऊ शकतो. ज्या वयात कुणी तसा संशयही घेणार नाही त्या वयात. आणि त्यांचं साधं कोलेस्टेरॉल पुष्कळदा नॉर्मल येतं. त्यातलं जे चांगलं कोलेस्टेरॉल, त्याचं काम रक्तवाहिनीच्या भिंतीला जपण्याचं असतं. पण शरीरात सतत दाह चालू असला की ते बिघडतं आणि उलट त्या दाहालाच हातभार लावू लागतं. लॅब ते किती आहे हे मोजते. ते कसं वागतंय हे त्या आकड्यात येत नाही. मग रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं द्रव्य आहे, काही प्रतिपिंडं आहेत, आणखी काही नावं आहेत जी मला आधी उच्चारताही येत नव्हती. एकट्या कुठल्याही तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही, काही मिळून पाहिल्या तर थोडा अंदाज येतो, आणि त्यांतल्या बऱ्याचशा अजून संशोधनापुरत्याच आहेत.

त्याच लेखात एक वाक्य होतं. अशा रुग्णांना छातीत कळ येईलच असं नाही. जबडा दुखतो, खांदा दुखतो, श्रम केल्यावर दम लागतो. मी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि ते स्लाइडवर घेतलं.

हे कसं झालं हे मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. मी ते वाक्य वाचलं, त्याचा अर्थ शोधला, पाठ केलं. स्वयंपाकघरातून वहिनीच्या बांगड्यांचा आवाज येत होता. आणि इंग्रजीत छापलेलं ते दुखणं आणि तिनं जिन्यावर बोट ठेवून दाखवलेलं दुखणं एक असू शकतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. माझ्यासाठी पुस्तकातलं सगळं परीक्षेसाठी असायचं. लहानपणापासून तसंच होतं. घरातल्या कुणालाही त्याचा उपयोग झालेला मी पाहिला नव्हता.

सेमिनार बरा चालला होता. आवाज कापत होता, पण स्लाइड्स बरोबर होत्या. शेवटी मॅडमनी विचारलं, "समजा ल्युपसची एक रुग्ण आहे. तिला जिना चढल्यावर जबड्यात दुखतं. लिपिड प्रोफाइल नॉर्मल आहे. तुम्ही तिला काय सांगाल?"

त्यांनी स्लाइडवरचीच लक्षणं घेऊन प्रश्न केला होता. त्यांना माझ्या घरचं काही माहीत नव्हतं. मी उभाच राहिलो. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मॅडमना वाटलं मी इंग्रजीत अडलो आहे. त्या म्हणाल्या, "मराठीत सांगा, चालेल." मी स्लाइडकडेच पाहत राहिलो. मग त्यांनीच वर्गाला सांगितलं, की या प्रश्नाचं उत्तर त्या रिपोर्टमध्ये नाही, रुग्णाला ताबडतोब डॉक्टरकडे पाठवायचं. टाळ्या वाजल्या. मला चांगले गुण मिळाले.

घरी वहिनीनं शेवयांची खीर केली होती. "कसं झालं?"

"चांगलं झालं."

"सगळ्यायसमोर बोलले?"

"हो."

एवढंच. खीर खाताना मी तिच्याकडे पाहिलं नाही. वाटलं होतं बसमधून उतरल्याबरोबर सांगेन. नंतर वाटलं दादा आल्यावर सांगेन. दादा आला, हातपाय धुऊन बसला आणि मला विचारलं, "का बे, झालं भाषण?" तो माझ्याकडे असा बघत होता, की मला तेव्हाही जमलं नाही. या घरात माझ्याजवळ एकच गोष्ट होती, मला कळतं असं ते समजत होते. तीच काढून ठेवायची होती. मला भीती वाटली. तिच्या जिवाची भीती होतीच. पण ही दुसरी भीतीही होती, आणि पुढच्या चार दिवसांत मोठी तीच ठरली.

चारही दिवस पाणी मी भरलं. पहाटे उठून सगळ्या बालट्या वर नेऊन ठेवायचो. वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "भाऊजी, नापास झाले का काय? बालट्या उचलून राहिले."

"व्यायाम."

"दिसून राहिलं. दम तुम्हालेच लागून राहिला."

पाचव्या दिवशी, रविवारी, ती काकूंकडून ताकाची वाटी घेऊन वर येत होती आणि वळणावर थांबली. हातात एक वाटी, बाकी काही नाही. तिनं कठड्याला धरलं. मी वरच्या पायरीवरून पाहत होतो. मी खाली जाऊन तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. नीट सांगता आलं नाही, मागचं पुढं झालं. ती वाटीकडे पाहत ऐकत होती.

"म्हणजे रिपोर्ट खोटा होता?"

"खोटा नव्हता वहिनी. त्यात जे मोजलं ते बरोबर होतं. पण तुमचं दुखणं त्यात दिसत नाही. मले माहीत नव्हतं. मी उगाच बोललो."

तिनं वाटी पायरीवर ठेवली. मग म्हणाली, "दादाले हे सांगू नका. मी सांगते काय सांगायचं ते."

तिनं दादाला एवढंच सांगितलं, की भाऊजी म्हणून राहिले एकदा तपासून घ्या, अन् मलेही थोडं दुखून राहिलं. दादानं सुट्टी घेतली. सोमवारीच आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. तिची नेहमीची बारी मंगळवारची होती, पण मी तोपर्यंत थांबू दिलं नाही.

तिला सुरुवातीपासून तपासणाऱ्या डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी कागद पाहिले. "चार महिने कुठं होत्या तुम्ही?"

"गावाकडे गेली होती मॅडम."

"जबड्यातलं हे कधीपासून आहे?"

"आठ-दहा दिवस झाले असन."

दादा दाराशी पाठ टेकून उभा होता. मी वहिनीच्या खुर्चीमागे. डॉक्टरनी लिहिलं. "पहिल्या दिवसापासून असंच आहे, की वाढत चाललंय?"

"असंच हाय."

डॉक्टरनी तेही लिहिलं. मला त्यांच्या हातातला पेन दिसत होता. वहिनी खोटं बोलत होती, आणि माझ्यासाठी बोलत होती, हे मला कळलं. तिचा आवाज अगदी सहज होता. दादाला दुखापत झाली की ती आईला फोनवर तसंच सांगते, काही नाही, खरचटलं.

"मॅडम," मी म्हणालो. माझा आवाज फार मोठा निघाला. "चार महिने झाले. आधी बालटी घेऊन चढल्यावर दुखायचं. आता रिकाम्या हातानंही दुखते. मले सांगितलं होतं त्यांनी. मी कोलेस्टेरॉल पाहून म्हटलं काही नाही. गोळ्या मीच आणत होतो जुन्या कागदावर. त्या गावाला गेल्या नव्हत्या."

वहिनीनं मागं वळून पाहिलं नाही. डॉक्टरनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग आधीच्या ओळीवर काट मारली आणि नवीन ओळ लिहिली. वहिनीला म्हणाल्या, "वाढतंय म्हणजे आज घरी जायचं नाही."

त्या दिवशी ईसीजी झाला. गळ्याच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी झाली, त्यात भिंती जाड झालेल्या दिसल्या. होमोसिस्टीन वाढलेलं आलं. मी डॉक्टरना भीतभीत विचारलं की यावरून कळतं का. त्या म्हणाल्या, "यानं संशय वाढतो. निकाल यावर देता येत नाही." दोन दिवसांनी अँजिओग्राफी केली. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा होता. तिथं स्टेंट बसवला. वहिनीचं वय चौतीस आहे.

ती आत असताना दादा आणि मी व्हरांड्यात बाकावर बसलो होतो.

"चार महिने?" दादानं विचारलं. सोमवारनंतर तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

"हो."

"मी रोज विचारत होतो तुले. वहिनीची तब्येत कशी हाय बे, म्हणून. तू काय म्हणत होता?"

"नॉर्मल."

त्यानं मान हलवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि दार उघडेपर्यंत तिथंच होता.

वॉर्डात आणल्यावर दुसऱ्या दिवशी दादा औषध आणायला खाली गेला, तेव्हा वहिनी मला म्हणाली, "मी सांभाळून घेतलं होतं ना. तुमी काहून बोलले?"

"डॉक्टरले खरं कळलं नसतं तर त्यायनं वेगळं समजलं असतं वहिनी."

"ते ठीक हाय. पण तुमचे दादा तुमच्याशी बोलून नाही राहिले. तीन दिवस झाले. आता घरी जाऊन मी दोघाच्या मधात बसू का?" तिच्या हाताला सलाइनची सुई होती, तो हात तिनं चादरीवर तसाच ठेवला होता. "तुमाले वाटलं तुमी मले वाचवलं."

"नाही वाटत."

"मंग ठीक."

मी तिला माफी मागायची ठरवून गेलो होतो. मागता आली नाही. ती थकली होती, डोळे मिटून घेतले होते.

याला आता अडीच महिने झाले. माझी परीक्षा झाली. दादा बोलतो, पण कामापुरतं. जेवायला ये, लाईट बंद कर. वहिनीची फाइल तो स्वतःजवळ ठेवतो आणि रिपोर्ट न उघडता डॉक्टरकडे नेतो. त्याला त्यातलं काही वाचता येत नाही, पण हीच पद्धत बरोबर आहे असं मलाही वाटतं. काकू त्यांच्या मालकाचा शुगरचा रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. मी म्हणालो, डॉक्टरला दाखवा काकू. त्या वहिनीजवळ बोलल्या, "शिकले का मानसं असेच होते." वहिनीनं मला ते सांगितलं, न हसता, न रागावता, नुसतं सांगितलं.

ल्युपस तसाच आहे. रक्तवाहिनीतला एक अडथळा काढला, पण तो ज्यानं झाला तो दाह चालूच आहे, आणि दुसरीकडे कुठं थर साचत असेल तर तो कुठल्या आकड्यात दिसेल हे डॉक्टरनाही पूर्ण सांगता येत नाही. मी त्याच विषयात पुढं एम.एस्सी. करावं असं आमच्या मॅडमना वाटतं. मी अजून फॉर्म भरलेला नाही.

मागच्या मंगळवारी तिला दाखवायला नेलं. मीही गेलो होतो. आत दादा गेला, मी बाहेर दाराजवळ थांबलो. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टरनी विचारलं, या महिन्यात कसं वाटलं. खुर्ची करकरली, वहिनी दादाकडे वळली असावी. मग तिचा आवाज आला. "सोमवारी दोनदा दुखलं. जिन्यावर नाही, कपडे वाळू घालताना. पहिल्यांदा बसली तर थांबलं. दुसऱ्यांदा बसूनही थोडा वेळ राहिलंच." दादा म्हणाला, "मले नाही सांगितलं वं." ती म्हणाली, "सांगून राहिली ना आता."

डॉक्टर काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. बाहेर पुढचा नंबर पुकारला, आणि सगळी माणसं एकदम दाराकडे उठली.